सुटण्याची वेळ

शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करायला गेले तेव्हा टेबलामागच्या मुलाने त्याचा नंबर दोनदा वाचून पाहिला, चार्जर तपासला, बॅगेचे सगळे कप्पे उघडून बघितले आणि एका फॉर्मवर माझी सही घेतली. चार-पाच मिनिटांत सगळं आटोपलं. मग त्याने हात पुढे केला. कार्ड राहिलं होतं. १६ वर्षं गळ्यात असलेलं ते कार्ड काढताना पट्टी केसांत अडकली, आणि ती सोडवेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही. कार्डावरचा फोटो मी रुजू झाले त्या आठवड्यातला होता. त्याने ते एका खोक्यात टाकलं. खोक्यात आधीच पुष्कळ कार्डं होती, सगळ्यांचे चेहरे वेगवेगळ्या दिशांना.

मी यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. पंप कसा बसवायचा, झडप अडकली तर आधी काय बंद करायचं, कोणता नट कोणाच्या आधी सैल करायचा, हे सगळं हातात पाना असलेल्या आणि घाईत असलेल्या माणसाला एका वाचनात कळेल असं लिहायचं. हे काम मला मनापासून आवडतं. बढत्या मिळत गेल्या तसतसं ते हातून निसटत गेलं. शेवटची पाच वर्षं मी स्वतः एक पान लिहिलं नव्हतं; दुसऱ्यांनी लिहिलेलं मंजूर करत होते. एका संध्याकाळी विभागातल्या नव्या मुलीचा मसुदा तपासताना मला तिचा हेवा वाटला. त्यानंतरचे काही महिने बचतीचे हिशेब मांडण्यात गेले आणि मग राजीनामा दिला. नोकरी का सोडली याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

पहिल्या सोमवारी साडेनऊला टेबलापाशी बसले. नवा लॅपटॉप, नवा मेल आयडी. मेलबॉक्स रिकामा. नोकरीत असताना सकाळी ऐंशी-नव्वद मेल वाट पाहत असायच्या आणि त्यांच्याबद्दल मी रोज तक्रार करायचे. त्या दिवशी मी तासाभरात सात-आठ वेळा मेल तपासली. अकरा वाजता रोजची बैठक असायची, तिची वेळ झाली तसं अंग आपोआप ताठ झालं. कुणी बोलावणार नव्हतं. खिडकीबाहेर लोक कामाला निघाले होते आणि त्यांच्यात आपण नाही, ही जाणीव तेव्हा मोकळेपणाची वाटली नाही. घाबरायला झालं.

त्या काळात मी मारी याहोदा या मानसशास्त्रज्ञ बाईंबद्दल वाचलं. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी तिथे जाऊन लोकांचं रोजचं जगणं नोंदवलं आणि १९३३ साली ते प्रसिद्ध केलं. हाताशी दिवसच्या दिवस मोकळे होते, तरी गावच्या वाचनालयातून लोक पूर्वीपेक्षा कमी पुस्तकं न्यायला लागले होते. पुरुष रस्त्याने जाताना वारंवार थांबायचे, रेंगाळायचे. सकाळपासून काय केलं ते लिहून द्या म्हटलं तर त्यांना फारसं काही आठवायचं नाही. बायकांची चाल मात्र तशी मंदावली नव्हती, कारण घरचं काम त्यांना सुटलं नव्हतं. पुढे याहोदा यांनी मांडलं की नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांची सोबत, आपल्याहून मोठ्या कामात वाटा, समाजात एक ओळख, आणि नेमाने हातपाय हलवत राहण्याची सक्ती.

मी बेकार नव्हते. त्या गावावर जे कोसळलं त्याची माझ्या परिस्थितीशी बरोबरी करणं बरोबर नाही, ते मला कळतं. पण ती पाच नावं वाचली आणि मी वही ओढली. पगाराला पर्याय म्हणून मी बचत केली होती. बाकीच्या पाचांपैकी एकाचाही विचार मी केला नव्हता. राजीनाम्यापूर्वी ज्या ज्या अनुभवी माणसाचा सल्ला घेतला, त्यातल्या प्रत्येकाने विचारलं होतं, ‘किती महिन्यांचे पैसे बाजूला आहेत?’ दिवसभर बोलणार कोणाशी, हे एकानेही विचारलं नव्हतं.

पहिलं काम सातव्या आठवड्यात मिळालं. दर किती सांगायचा? मी जुना मासिक पगार घेतला, त्याला १६० तासांनी भागलं, थोडं वर घातलं आणि तो आकडा सांगून टाकला. समोरून लगेच होकार आला. इतक्या पटकन होकार आला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

चूक कुठे झाली ते तीन महिन्यांनी वही पाहिल्यावर कळलं. मी रोजचे तास लिहून ठेवत होते. आठवड्याला सरासरी ४६ तास काम केलं होतं, आणि ज्यांचे पैसे कुणाकडे मागता येतील असे तास होते २१. उरलेला वेळ गिऱ्हाईक शोधण्यात, कोटेशन बनवण्यात, करारातली कलमं समजून घेण्यात, बिल पाठवण्यात, बिलाची आठवण करण्यात, बिघडलेला प्रिंटर दुरुस्त करून आणण्यात गेला होता. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला होता: बाजारात सगळं विकत मिळतं, तर कंपन्या मुळात असतात कशाला? त्याचं उत्तर असं की बाजार वापरण्यालाही खर्च येतो. योग्य माणूस शोधा, भाव ठरवा, करार करा, तो पाळला जातोय का ते पाहा. हे प्रत्येक वेळी नव्याने करण्यापेक्षा माणसं एका छपराखाली आणणं स्वस्त पडतं. कोस यांना १९९१ साली नोबेल मिळालं. मी तशा छपराखाली होते तोवर तो खर्च माझ्या वतीने दुसरं कुणीतरी उचलत होतं. बिलं पाठवणारा एक विभाग होता, करार वाचणारा दुसरा, माझी यंत्रं सुरू ठेवणारा तिसरा. त्या माणसांना मी जाता-येता नमस्कार करायचे, पण त्यांच्या कामाची किंमत मला माझ्या वहीतल्या २५ तासांनी दाखवली. पुढचा दर मी जवळपास दुप्पट सांगितला. फोनवर सांगितल्यानंतर पलीकडे शांतता पसरली. ती शांतता आपण भरायची नाही, गप्प बसून राहायचं, एवढं शिकायला मला वर्ष लागलं.

पैशाबद्दल आणखी एकच गोष्ट सांगते, कारण ती माझ्या मनाला अजून लागलेली आहे.

दुसऱ्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे थकवले. काम वेळेत दिलं होतं, त्यांना आवडलंही होतं. बिलावर ३० दिवसांची मुदत होती. पंचेचाळीस दिवस झाले, साठ झाले. मी आठवणीची मेल लिहायला बसले आणि ती चार वेळा खोडली. पहिलीत विनवणी होती, दुसरीत राग. फोन केला तर एक समंजस आवाज म्हणाला, ‘मॅडम, फाइल वर सहीला गेली आहे, साहेब बाहेरगावी आहेत.’

तो आवाज मला ओळखीचा वाटला. तो माझाच होता. मी नोकरीत असताना आमच्या पुस्तकांसाठी यंत्रांची रेखाचित्रं काढून देणारे एक चित्रकार होते. स्वतंत्र काम करायचे. त्यांचं एक बिल माझ्याकडे मंजुरीला आलं आणि मी दौऱ्यावर होते, मग एक तातडीचं काम आलं, मग दुसरं. तीन आठवडे ते माझ्या ट्रेमध्ये पडून होतं. त्यांनी दोनदा फोन केला. फार हळू बोलायचे. ‘घाई काही नाही, मॅडम, सहज विचारलं,’ असं म्हणायचे. मला ते खरंच वाटलं. घाई नाही म्हणाले म्हणजे नसेल, असं समजून मी पुढच्या कामाला लागले. आता रोज दुपारी खात्यात पैसे आलेत का ते बघताना मला कळलं की ‘सहज विचारलं’ हे दोन शब्द म्हणण्याआधी त्यांनी किती वेळ फोन हातात धरून ठेवला असेल.

मी त्यांना फोन केला. कशासाठी, ते धड सांगताही येईना. अखेर त्या बिलाबद्दल माफी मागितली. त्यांना ते बिल आठवत नव्हतं. ‘अशी खूप असतात, ताई,’ ते म्हणाले. इतकी वर्षं मी ‘मॅडम’ होते. त्या दिवशी पहिल्यांदा ‘ताई’ झाले. मग त्यांनी विचारलं, ‘तुम्ही ॲडव्हान्स घेतलात का?’ मी नव्हता घेतला. ‘निम्मे आधी घ्यायचे. आणि कोटेशनमध्ये काय करणार ते लिहिता, तसं काय करणार नाही तेही लिहा. दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा वेगळे पैसे.’ अर्ध्या तासाच्या त्या फोनमध्ये मला जेवढं मिळालं तेवढं एकाही कार्यशाळेत मिळालं नव्हतं. थकलेले पैसे ९७व्या दिवशी आले. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी धंद्याच्या खात्यातून घरखात्यात ठरलेली रक्कम टाकते, कमाई जास्त असो की कमी. कराचे पैसे तिसऱ्या खात्यात, त्यांना हात लावायचा नाही. एक तारखेला पगार झाला की मला आजही बरं वाटतं.

त्याच सुमारास जुन्या ऑफिसात जाण्याचा योग आला. काही कागद राहिले होते. स्वागतकक्षात नाव लिहून पाहुण्यांचं कार्ड घेतलं. वर गेले तेव्हा सगळे प्रेमाने उठून भेटले, माझ्या नव्या कामाची चौकशी केली, आणि दहा मिनिटांनी एकेकाला बैठकीची आठवण झाली. माझ्या जागेवर एक तरुण बसला होता. खुर्चीची उंची त्याने बदलून घेतली होती. चार्ल्स लॅम्ब हे इंग्रजी निबंधकार ३३ वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून होते. १८२५ साली त्यांना निवृत्तिवेतन देऊन मोकळं केलं, तेव्हा त्यांनी त्या अनुभवावर एक निबंध लिहिला. जुन्या सहकाऱ्यांना भेटायला ते कचेरीत जातात तेव्हा त्यांचं टेबल आणि टोपी अडकवायची खुंटी दुसऱ्याला देऊन झालेली असते. असं होणार हे त्यांना माहीत असतं, तरी लागतं. मोकळं झाल्यावर वारांचा वेगळेपणाच उरला नाही, असंही ते लिहितात. सोमवारचं ओझं गेलं, त्याबरोबर रविवारची चवही गेली. मी ते वाचलं तेव्हा दोनशे वर्षांचं अंतर जाणवलंच नाही.

लॅम्ब निवृत्त होते, त्यांच्यासमोर सगळा रिकामा वेळ होता. माझं उलट झालं. कामं मिळू लागली तशी वेळ उरेनाशी झाली. सगळे मला विचारायचे, ‘घरून काम करताना कंटाळा येत नाही? टाळाटाळ होत नाही?’ काम सुरू करणं मला कधीच जड गेलं नाही. थांबणं जमेना. ऑफिसात सहा वाजता खुर्च्या सरकायच्या, पिशव्यांच्या चेनचे आवाज यायचे, कुणीतरी ‘चला’ म्हणायचं. कधी कधी वरिष्ठच येऊन सांगायचे, ‘राहू द्या आता, उद्या बघू.’ त्या ‘राहू द्या’चं मोल मला तेव्हा कळलं नाही. दिवस पुरेसा झाला, असं म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाकडे तरी होता, आणि तो माणूस तो अधिकार वापरायचा. आता तो माझ्याकडे आला होता आणि मला तो वापरताच येत नव्हता. रात्री अकराला मी एखादा परिच्छेद पुन्हा लिहीत बसलेली असायचे. मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात बसून फोनवर गिऱ्हाइकाच्या मेलला उत्तर दिलं. तापात चार दिवस पडून होते तेव्हा उशाशी लॅपटॉप होता, कारण रजेचा अर्ज द्यायला कुणी नव्हतं आणि मंजूर करायलाही कुणी नव्हतं. नोकरीतल्या सर्वांत कडक वरिष्ठानेही माझ्याकडून तापात काम करून घेतलं नव्हतं.

इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ साली कारखान्यांच्या काळातल्या वेळेच्या शिस्तीवर लिहिलं. कारखान्यांच्या आधी माणूस कामाच्या मापाने जगायचा: कापणी असेल तर कापणी संपेपर्यंत. कारखान्याने वेळ मापायला घेतली, घंटा झाली की सुटी. हातमाग चालवणारे विणकर वगैरे, ज्यांचं काम त्यांच्या स्वतःच्या ताब्यात होतं, ते कधी भरभरून काम करायचे आणि कधी सोमवारही सुटीत घालवायचे. ही लय आजही कलावंत, लेखक, छोटे शेतकरी अशा स्वतःचे मालक असलेल्यांत दिसते, कदाचित तीच माणसाची नैसर्गिक लय नसेल ना, असं थॉम्पसन विचारतात. हे वाचून मला पुष्कळ दिलासा मिळाला. मंगळवारी दुपारी काही सुचत नसलं तर मी अपराधी वाटून न घेता उठायला लागले.

पण माझा प्रश्न त्याने पूर्ण मिटला नाही. कापणी संपते. शेत रिकामं झालेलं डोळ्यांना दिसतं. विणकराचा ताणा संपतो, कापड मागावरून उतरतं. माझ्या कामात असं काही नाही. एक पुस्तक संपलं तरी गिऱ्हाईक शोधायचं असतं, दर वाढवायचा असतो, नवं सॉफ्टवेअर शिकायचं असतं. घंटाही नाही आणि मोकळं झालेलं शेतही नाही. नोकरी सोडणाऱ्या माणसाने शिकण्यासारखं सर्वांत कठीण काही असेल तर ते हे आहे, असं मला चार वर्षांनंतरही वाटतं. वेळापत्रक, हिशेब, बोलणी, हे सगळं जमतं, चुकतमाकत जमतं. स्वतःला ‘राहू दे आता’ म्हणणं, आणि ते आपणच ऐकणं, ही वेगळी गोष्ट आहे.

ते मी त्या चित्रकारांकडे पाहून शिकले. आता आम्ही बरीच कामं मिळून करतो. एकदा त्यांच्या घरी एका कॉम्प्रेसरच्या चित्रांवर बसलो होतो. काम अर्ध्यावर होतं, उद्या द्यायचं होतं. साडेसहा झाले तसे ते उठले. पेन्सिली डब्यात ठेवल्या, खोडरबराची भुकटी हाताच्या कडेने गोळा करून टाकली, आणि एक जुनी, धुऊन धुऊन विरलेली चादर घडी उलगडून संपूर्ण फळ्यावर पसरली. चारही कोपरे ओढून सारखे केले. मी म्हटलं, ‘सर, अजून तासाभरात झालं असतं.’ ते म्हणाले, ‘झालं असतं. पण मग रोजच तासभर झालं असतं.’ दिवा मालवला आणि आतल्या खोलीत जाऊन बायकोशी बोलायला लागले. मी त्या झाकलेल्या फळ्याकडे बघत थोडा वेळ तशीच बसले.

माझ्या टेबलावर आता चादर नाही, पण एक चिठ्ठी असते. संध्याकाळी उद्याचं पहिलं काम तिच्यावर लिहायचं, फक्त पहिलं. ती लिहून कीबोर्डखाली सारली की लॅपटॉप बंद. पहिले काही महिने चिठ्ठी लिहून झाल्यावरही मी परत बसायचे. आता आठवड्यातून एखाद्या वेळी बसते.

माझी मुलगी आठवीत आहे. मी नोकरीत असताना ती सहाला फोन करून विचारायची, ‘आई, सुटलं का ऑफिस?’ नोकरी सोडल्यावर तिने ते विचारणं बंद केलं होतं. मी तर घरातच होते. काल साडेसहाला तिने दारातून डोकं आत घातलं. मी चिठ्ठी लिहीत होते: पान ४१, पायरी चौथी, दाब शून्यावर आला आहे याची खात्री करा. तिने ती वाचली, मग बंद लॅपटॉपकडे पाहिलं.

‘सुटलं?’

‘सुटलं,’ मी म्हटलं, आणि चिठ्ठी कीबोर्डखाली सरकवून तिच्यामागून बाहेर आले.